जुना पार्ट मालकाच्या हातात

गाडी बंद पडली की माणूस सगळ्यात आधी काय करतो? बॉनेट उघडतो आणि आत बघत उभा राहतो. आत नेमकं काय बघायचं हे त्याला ठाऊक नसतं, तरी बघतो. छत्तीस वर्षं मी अशा माणसांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि त्यावर माझा संसार चालला. अमरावतीला जुन्या कॉटन मार्केटच्या मागच्या अंगाला माझं गॅरेज होतं. टिनाची दोन शेडं आणि एक कडुनिंब. गिऱ्हाईक माझ्या कामासाठी नाही, त्या निंबाच्या सावलीसाठी यायचं, असं माझी बायको अजून म्हणते.

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. त्यांची स्कूटर मी अकरा वर्षं जिवंत ठेवली. ते म्हणाले, मिस्त्री, आयुष्यावर लिहा. आयुष्यावर लिहायला माझ्याकडे विशेष काही नाही. जन्मलो, पाने हातात आले, आता गुडघे दुखतात, एवढंच. म्हणून मी पॉइंटवर लिहितो. पॉइंट आता कोणाला माहीतही नाहीत आणि माझी भाकरी अर्धीअधिक त्यांनीच भाजली.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल पेटायला ठिणगी लागते. ठिणगी प्लगवर पडते, पण ती कधी पडायची हे जुन्या गाड्यांत पॉइंट ठरवायचे. डिस्ट्रिब्युटर नावाच्या वाटीएवढ्या भांड्यात धातूच्या दोन बारीक टिकल्या समोरासमोर बसवलेल्या असतात. इंजिन फिरलं की त्या उघडतात, मिटतात. उघडल्या त्या क्षणी कॉइलमधून करंटचा झटका सुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरच्या जीपमध्ये हे मिनिटाला चार-पाच हजार वेळा होतं. एवढी उघडझाप केल्यावर कोणाचंही तोंड झिजेल. टिकल्या जळतात, त्यांना खड्डे पडतात, मधली फट कमीजास्त होते आणि गाडी खोकायला लागते. मग मिस्त्रीने पॉलिश पेपरने टिकल्या घासायच्या, पात्याच्या गेजने फट लावायची, की चालली गाडी. पुन्हा पंधरा दिवसांनी खोकली.

मी गेज फारसा वापरत नसे. कान लावला की कळायचं. आता हे मी बढाई म्हणून सांगत नाही, म्हणजे थोडी बढाई आहेच, पण खरीही आहे.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचा एक नियम होता: जुना पार्ट मालकाच्या हातात द्यायचा. नवा प्लग टाकला तर जुना त्याला द्या, पट्टा बदलला तर तुटका पट्टा द्या. म्हणजे त्याला दिसतं की खरंच बदललं. मग त्याने तो फेकावा नाही तर देवापुढे ठेवावा. हा नियम मी एकदाही मोडला नाही. रिद्धपूरच्या एका मास्तरांकडे असे माझ्या हातून बदललेले सतरा पॉइंट होते. त्यांच्या मोटरसायकलला एवढे लागायचं कारण, ते रोज सकाळी दात घासल्यासारखे पॉइंट घासायचे. मी हात जोडून सांगितलं, मास्तर, घासून घासून आता त्यात घासण्यासारखं काही उरलं नाही. ते म्हणाले, स्वच्छतेची सवय वाईट कशी असेल?

तर ही कहाणी दोन हजार सालानंतरच्या सात-आठ वर्षांतली. कापसाची ती वर्षं फार वाईट गेली. काय काय झालं ते वऱ्हाडातल्या माणसाला मी सांगायला नको, आणि ज्यांच्या घरात झालं त्यांच्यावर मी काय लिहिणार? माझ्या शेडमध्ये ते एवढंच दिसायचं की नवी गाडी घेणारे कमी झाले आणि जुनीच ओढत नेणारे वाढले. आमच्या धंद्याला ते बरं होतं. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू?

त्याच दिवसांत मला काळी डबी भेटली.

अकोल्याला माझी मुलगी दिली आहे. तिच्या घरापासून चार दुकानं सोडून मुश्ताकभाईचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. माणूस मूळचा बाळापूरचा, सोल्डरिंगच्या बाबतीत सोनार. टीव्ही स्वस्त झाले, दुरुस्तीला येईनात, तेव्हा या गृहस्थाने हातपाय न गाळता जुन्या गाड्यांसाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा सेट स्वतः बनवला. पॉइंट काढून टाकायचे, त्या जागी एक सेन्सर बसवायचा, मधल्या शाफ्टवर लोहचुंबकाची चकती चढवायची आणि सगळ्याच्या वायरा एका काळ्या डबीत न्यायच्या. उघडझाप नाही, घासणं नाही, जळणं नाही. ठिणगी अशी पडते की प्लग ओला असला तरी पेटतो.

पहिल्यांदा त्याने मला दाखवलं तेव्हा मला राग आला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगतो. माझ्या कानाला जे ऐकू यायचं त्याची त्या डबीला गरजच नव्हती. मी त्याला म्हटलं, तुझी डबी बिघडली तर रस्त्यात काय करायचं? पॉइंट निदान घासता तरी येतो. तो शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, बिगडेगीच नहीं. बस एक बात याद रखना, उलटी बॅटरी लगी तो एक सेकंद में फातेहा पढ लेना."

बॅटरीला दोन टोकं असतात, धन आणि ऋण. पॉइंटच्या गाडीला ती अदलाबदल झालेली फारशी कळत नाही, पण डबीला कळते आणि ती मरते. एवढीच त्या वाक्याची फोड. मी ते वाक्य नीट लक्षात ठेवलं. ते कोणाला सांगायचं याचा मात्र विचार केला नाही.

राग दोन महिने टिकला. मग मी एक सेट स्वतःच्या स्कूटरला नाही, तर एका वकिलाच्या गाडीला लावून पाहिला. पहिला प्रयोग दुसऱ्यावर करावा, त्यातून वकिलावर केला तर मनाला लागत नाही. गाडी सुरेख चालली. दीड महिन्याने वकीलसाहेब कुरकुरत आले. म्हणाले, मिस्त्री, कोर्टात उशीर झाला की गाडी बंद पडली म्हणून सांगायचो, आता काय सांगू? तेव्हा माझी खात्री पटली की डबी पक्की आहे.

आता देवरावची जीप.

वलगावच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत एक गाव आहे. तिथले देवराव आणि त्यांची बायको कमलबाई. कापूस पाण्यात गेला की लोक कपाळाला हात लावून बसतात. या दोघांनी गावातल्या अकरा घरांच्या म्हशींचं दूध एकत्र करून अमरावतीला एका खासगी डेअरीत पोचवायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांनी एक पेट्रोलची जुनी जीप घेतली. पेट्रोलची म्हणून ती कोणी घेत नव्हतं, म्हणून ती यांना मिळाली. बारा कॅन मागे, देवराव स्टिअरिंगवर आणि कमलबाई कॅनच्या झाकणांवर हात ठेवून मागे बसलेली, अशी ती गाडी रोज सकाळी शहरात शिरायची.

डेअरीचं दार साडेआठला बंद व्हायचं. वैशाखातलं दूध त्यानंतर थांबतही नाही. गाडी रस्त्यात खोकल्यामुळे त्यांना दोनदा उशीर झाला होता आणि तिसऱ्यांदा झाला तर त्या गावाचं दूध घेणं बंद, असं डेअरीवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं. त्याचंही चूक नव्हतं, त्याचा पुढचा टँकर वेळेवर निघायचा. पण त्या वर्षी त्या अकरा घरांत रोज घरी येणारं काही असेल तर ते दूधच. म्हणजे ती जीप वेळेवर पोचण्यावर अकरा चुली अवलंबून होत्या.

जीपचं दुखणं मला माहीत होतं. डिस्ट्रिब्युटरचा बुश, म्हणजे शाफ्टला धरणारी कडी, झिजला होता, त्यामुळे आतला शाफ्ट डुलायचा. शाफ्ट डुलला की पॉइंटची फट दर फेरीला वेगळी. मी दर आठवड्याला लावून द्यायचो, आठवड्यात बिघडायची. नवा डिस्ट्रिब्युटर त्या गाडीचा मिळत नव्हता. दूध उतरवून परत जाताना ती दोघं निंबाखाली थांबायची. मी डिस्ट्रिब्युटर उघडायचो, देवराव माझ्याशी राजकारण बोलायचे आणि कमलबाई मडगार्डला टेकून माझ्या हातांकडे बघत राहायची. मला वाटायचं, बाई कंटाळली आहे.

शेवटी मी देवरावला म्हटलं, काळी डबी टाकू. तुमचा शाफ्ट डुलला तरी तिला फरक पडत नाही. मी स्वतः त्यांच्या गावी जाऊन, त्यांच्या अंगणात दुपारभर बसून सेट लावला. हँडल मारलं आणि जीप पहिल्या फेरीत सुरू झाली. तो आवाज ऐकून मला एकाच वेळी आनंद झाला आणि थोडं रडूही आलं. असा गुळगुळीत आवाज मला सहा वर्षांत हाताने काढता आला नव्हता.

मग मी देवरावला बाजूला घेतलं आणि बॅटरीचं सांगितलं. त्यांच्या जीपचा डायनमो कधीचाच मेला होता, म्हणून बॅटरी रोज काढून घरात चार्ज करायची. शिवाय ती भारनियमनाची वर्षं. पहाटे दूध काढायच्या वेळेला हमखास वीज नसायची, तेव्हा तीच बॅटरी गोठ्यात नेऊन तिच्यावर एक बल्ब लावायचे. सकाळी बॅटरी पुन्हा जीपमध्ये. अशी ती बॅटरी रोज आत-बाहेर करायची आणि सहा वर्षं ती कधी सुलटी बसली, कधी उलटी. गाडीने कधी तक्रार केली नाही. मी धनाच्या वायरीला लाल चिकटपट्टी गुंडाळली. देवरावला म्हटलं, ही वायर बॅटरीच्या या टोकालाच, चुकली तर डबी गेली. त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. जुना पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे टिकल्या लवकर जळू नयेत म्हणून पॉइंटला जोडतात ती बोटाएवढी नळी, नियमाप्रमाणे त्यांच्या हातात दिला. दोन्ही दहाच दिवसांपूर्वी टाकलेले होते. ते त्यांनी जीपमध्ये मागे भिरकावले. कमलबाई चहाचे कप घेऊन आमच्यापासून तीन हातांवर उभी होती. मी चहा घेतला आणि परत आलो.

पहिले आठ दिवस देवरावने नव्याची नवलाई म्हणून बॅटरी स्वतः लावली. त्या आठ दिवसांत जीप रोज सव्वाआठच्या आत डेअरीत. नवव्या दिवशी मी अकोल्याला मुलीकडे गेलो होतो, मुश्ताकभाईकडून आणखी चार सेट आणायला. सकाळी सव्वासहाला मुलीच्या घरचा फोन वाजला. माझ्या बायकोकडून नंबर घेऊन देवराव गावातल्या किराणा दुकानातून बोलत होते. काय बोलत होते ते निम्मं कळत नव्हतं. चावी फिरवली, डबीतून धूर निघाला, जळका वास आला, गाडी मेली, कॅन भरलेत, भाऊ तुम्ही या.

मी अकोल्यात. एसटीने अमरावती अडीच तास, पुढे त्यांचं गाव. मी पोचेपर्यंत डेअरीचं दार बंद होऊन दूध नासलंही असतं. मला त्या क्षणी सगळं दिसलं: बॅटरी उलटी लागली. माझ्या तोंडून निघालं, देवराव, मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, मी नाही लावली. मग फोनवर ओढाताण झाल्यासारखा आवाज आला आणि बाईचा आवाज आला.

"भाऊ, मी कमल. बॅटरी मी लावली. सहा वर्षं मीच लावतो. काय चुकलं ते मागून सांगजा, आता काय करू ते सांगा."

छत्तीस वर्षांत मला इतकी लाज दुसऱ्या कुठल्या वाक्याची वाटली नाही. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता. मी विचारलं की मी जुना पॉइंट दिला होता, तो गाडीत मागे कुठे पडला आहे का.

"गाडीत नाई. हळदीच्या रिकाम्या डब्यात हाये. यायनं फेकला होता, मी उचलून ठेवला. चांगली वस्तू काहून फेकाची?"

मग मी सांगायला सुरुवात केली की आधी कॅप काढा. तिने मला तिथेच थांबवलं.

"ते मले मालूम हाये. शंभर खेपा पाह्यलं. कॅप काढाची, रोटर वर ओढाचा, तुमची नवी चकती उचलाची. खालचा सेन्सर काढून तथी पॉइंट बसवाचा, कंडेन्सरची वायर त्याच पेचात. डबीची वायर सोडून कॉइलची जुनी वायर लावाची. बराबर?"

मी बरोबर म्हटलं. मडगार्डला टेकून कंटाळणारी बाई सहा वर्षं माझ्याकडे शिकत होती आणि मी तिच्या नवऱ्याशी राजकारण बोलत होतो.

"फट केवढी ठेवू तेवढं सांगा. तुमच्यापाशी गेज रायते, अथी काय हाये?"

मी म्हटलं, पोस्टकार्ड घ्या, त्याची दुहेरी घडी करा. देवरावला हँडल हळू फिरवायला लावा, टिकल्या पूर्ण उघडल्या की थांबवा आणि घडी मध्ये घाला. अडकून जाईल आणि फाटल्याशिवाय निघेल, एवढी फट. तिने ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवलं. शेवटी विचारलं, "बॅटरी उलटीच राहू देऊ का सुलटी करू?"

"कशीही राहू द्या, वयनी. पॉइंटले चालते."

तिने फोन ठेवला. त्यानंतरचे सव्वादोन तास मी मुलीच्या घरात काय केलं हे मला आठवत नाही. पोहे समोर आले ते तसेच परत गेले. मुश्ताकभाईला बोलावून आणलं. तो येऊन बसला, घडलेलं ऐकलं आणि आधी म्हणाला, मैंने बोला था ना. मग स्वतःशीच म्हणाला, डबीत एक डायोड टाकला असता तर उलटी बॅटरी लागूनही काही झालं नसतं, एक डायोड टाकायला माझं काय जात होतं? दोघं चूक वाटून घेऊन फोनकडे बघत बसलो. मनातल्या मनात मी ती घडी किती वेळा फटीत घातली आणि काढली, मोजता येणार नाही. टिकल्यांना हळदीचा कण लागला असेल तर? तर करंटच जाणार नाही. पुसून घ्या, हे सांगायचं मी विसरलो होतो.

आठ पस्तीसला फोन वाजला. डेअरीच्या समोरच्या बूथवरून.

"उतरलं दूध," कमलबाई म्हणाली. "दार लावतच होते. अकराच्या अकरा घरचं उतरलं."

मुश्ताकभाईने माझ्या चेहऱ्याकडे बघून छताकडे हात वर केले. मी फोनवर विचारलं, टिकल्या पुसल्या होत्या का? ती म्हणाली, पदरानं पुसल्या, हळद लागली होती. मग तिने सकाळी मागून सांगा म्हटलं होतं ते विचारलं: चुकलं काय? मी सांगितलं. लाल पट्टीचंही सांगितलं. ती म्हणाली की तिला वाटलं वायर फाटली म्हणून पट्टी मारली आहे. आणि मग जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो.

"भाऊ, तुमी त्याइले सांगतलं. मी तथीच चहा घेऊन उभी होतो. मले सांगाले काय झालं होतं? बॅटरी कोण लावते, हे तं इचाराचं होतं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. मी आयुष्यभर गाडीच्या मालकाशी बोललो, आणि मालक म्हणजे गॅरेजमध्ये जो पुरुष पुढे येऊन उभा राहतो तो, हे मी कधी तपासूनच पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी मुश्ताकभाईची नवी डबी, डायोडसह, घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. या वेळी देवरावला म्हटलं, तुम्ही चहाचं बघा. ते हसत आत गेले आणि खरंच चहा घेऊन आले, फार गोड झाला होता. मी कमलबाईला धन-ऋण समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बॅटरीच्या दोन खुंट्यांवरून बोट फिरवत म्हणाली, ही खुंटी जाड आहे, ही बारीक. मग वायरीच्या टोप्या पण तशाच करा ना, एक सैल, एक घट्ट. बारकीची टोपी जाडीवर बसलीच नाही पाहिजे. मग अंधारात लावली तरी चुकणार नाही.

बॅटरीच्या खुंट्या कारखान्यातूनच कमीजास्त जाडीच्या येतात. मला हे तीस वर्षं माहीत होतं. पण जुन्या गाड्यांच्या टोप्या झिजून दोन्हीकडे बसतात आणि आम्ही मिस्त्री त्या तशाच ठोकून देतो. तिला ते माहीत नव्हतं, तिच्या हाताला माहीत होतं. मी तिथेच बसून दोन्ही टोप्या बदलल्या. त्यानंतर जेवढ्या गाड्यांना डबी लावली, म्हणजे शंभराच्या वर असतील, त्या प्रत्येकीच्या टोप्या अशाच केल्या. आणि काम संपलं की चावी देण्याआधी एक प्रश्न विचारायचो: तुमच्याकडे बॅटरी कोण लावतं? लोक चकित व्हायचे. पण उत्तर जवळजवळ कधीच समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव नसायचं. कुठे म्हातारे वडील, कुठे सालदार, कुठे सून. मग मी त्या माणसाला बोलावून घ्यायचो.

एक खंत आहे ती सांगून टाकतो. शंभर गाड्यांना डबी लावली म्हणजे शंभर माणसं यायची बंद झाली. पॉइंट होते तेव्हा पंधरा दिवसांनी माणूस यायचा, निंबाखाली बसायचा, पोरीच्या लग्नाचं, विहिरीच्या पाण्याचं सांगायचा. डबीनंतर वर्ष-वर्ष तोंड दिसेना. रिद्धपूरच्या मास्तरांनी शेवटपर्यंत डबी लावू दिली नाही. सकाळी घासायचं काय, म्हणाले. त्यांचा मला फार आधार वाटला. पण खोकणारी गाडी हवी म्हणून मी कोणाची गाडी खोकत ठेवली नाही, आणि त्याबद्दल मी समाधानी आहे.

देवराव-कमलबाईची जीप त्यानंतर बरीच वर्षं धावली. मग गावातच दूध थंड करायची मोठी टाकी आली, डेअरीचा टँकर दारात यायला लागला. जीपचं काम संपलं. मीही तोवर गॅरेज आवरायला घेतलं होतं. एका दुपारी मी निंबाखाली जुनं सामान निवडत बसलो होतो, तर दोघं आली. जीप भंगारात दिली, म्हणाले. देवराव नेहमीप्रमाणे राजकारणावर आले. कमलबाईने पिशवीतून हळदीचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. आत तो पॉइंट, कंडेन्सर आणि दुहेरी घडीचं पोस्टकार्ड. कार्डावरचं अक्षर तिच्या भावाचं होतं.

"गाडी गेली, आता याचं काय काम?" ती म्हणाली. "जुना पार्ट मालकाच्या हाती द्याचा असते ना, तुमचंच म्हणणं हाये."

मी म्हटलं, "वयनी, मालक तं तुमी."

"गाडीची मालक मी होतो," ती म्हणाली. "चूक तुमची होती. ठेवा."

आणि ती हसली. देवरावही हसले, त्यांना नक्की किती कळलं कोण जाणे. मी दोघांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

गॅरेजचं बाकी सामान गेलं. पाने एका ओळखीच्या मिस्त्रीने नेले, गेज हरवला, निंब आहे तिथे आहे. हा डबा तेवढा मी घरी आणला. तो फळीवर असतो आणि उघडला की अजून हळदीचा वास येतो.